नागभीड जंक्शन : छोट्या लाइनीची एकशे अकरा वर्षे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही. शाळेच्या, शिक्षकांच्या, स्नेहसंमेलनांच्या आठवणी इतर वर्गमित्र माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी शाळा सोडल्यावर रेल्वेत लागलो आणि स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी मोठ्या लाइनीवर, आपल्या भागापासून लांब. त्यामुळे जिने आपल्यापैकी निम्म्यांना शाळेत आणले त्या छोट्या लाइनीविषयी लिहावे असे ठरवले. यवतमाळच्या शकुंतलेवर लेख येतात, माहितीपट निघतात. आपली गाडी तेवढीच जुनी, तेवढीच अरुंद, आणि पसारा तिच्याहून कितीतरी मोठा. पण तिला कुणी मुलीचे नाव दिले नाही, म्हणून तिच्यावर लिहायलाही कुणी बसले नाही असे मला गमतीने वाटते.

आधी भूगोल. १९०८ साली बंगाल नागपूर रेल्वेने गोंदिया ते नागभीड आणि नागपूर ते नागभीड असे दोन मार्ग सुरू केले. पुढे १९१३ मध्ये नागभीडहून राजोली आणि राजोलीहून चांदा फोर्ट हा दक्षिणेचा फाटा पूर्ण झाला. म्हणजे गोंदियाहून आलेली, नागपूरहून आलेली आणि चांद्याहून आलेली अशा तिन्ही लाइनी आपल्या गावात एकत्र आल्या. नागभीड त्या वेळी काही मोठे गाव नव्हते. व्यापारपेठ म्हणाल तर उमरेड मोठे, ब्रह्मपुरी मोठे, चांदा तर जिल्ह्याचेच ठिकाण. पण तीन रूळ जिथे मिळाले तिथे 'जंक्शन' शब्द चिकटला, आणि गावाच्या नशिबाला वळण लागले ते तिथून.

रूळ होते अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाइनीचे रूळ साडेपाच फुटांचे, १६७६ मिलिमीटर. निम्म्याहूनही कमी. इतकी अरुंद लाइन का टाकली, असा प्रश्न आपल्याला भूगोलाच्या तासाला पडला होता आणि सरांनी एका शब्दात उत्तर दिले होते : पैसा. ते बरोबरच होते. रूळ हलके, पूल हलके, जमीन कमी लागते, वळण आवळून घेता येते, आणि टेकडी पोखरण्याऐवजी तिला वळसा घालता येतो. गोंदियाच्या उत्तरेला सातपुड्यात कंपनीने याच मापाचे जाळे आधी विणले होते. तीच इंजिने, तेच डबे दक्षिणेकडे चालवता येत होते. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघालेला. धान्य आत नेता आले पाहिजे आणि पिकले त्या वर्षी बाहेर काढता आले पाहिजे, हा हिशेब सरकारला तेव्हा नीट कळला होता. आणि आपला मुलूख तर तलावांचा, बोड्यांचा, धानाचा. गोंदिया, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल ही नावे ओळीने वाचा; धानाच्या बाजारांचीच यादी वाचल्यासारखे वाटेल.

आता थोडे नकाशाकडे पाहू, कारण यात एक गोष्ट दडलेली आहे. गोंदियाहून निघालेली लाइन वैनगंगेच्या पूर्वेकडून खाली येते, वडशापर्यंत. तिथे नदी ओलांडून ती ब्रह्मपुरीकडे, म्हणजे पश्चिमेला येते आणि मग पुन्हा कधी पूर्व तीरावर जात नाही. आज जो गडचिरोली जिल्हा आहे त्याच्या वाट्याला या सगळ्या मार्गातले एकच स्टेशन आले : वडसा. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा रेल्वेच्या दृष्टीने त्याला मिळाले ते एवढेच. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, अहेरी, सिरोंचा यांपैकी कुठेही रूळ नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणा इंजिनिअरने पूल कुठे बांधायचा हे ठरवले आणि एका अख्ख्या जिल्ह्याची दळणवळणाची कुंडली मांडली गेली. गडचिरोलीच्या माणसाने गाडी धरायची तर वर वडशाला जायचे, नाहीतर वैनगंगा ओलांडून मूलला यायचे. वडसा ते गडचिरोली सुमारे ५२ किलोमीटरची लाइन मंजूर झाली, पण वनजमिनीच्या परवानग्यांत आणि खर्चाच्या वाढत्या आकड्यांत ती वर्षानुवर्षे रेंगाळली. आपल्या वर्गात आरमोरीकडची दोन-तीन मुले होती. सुट्टीवरून परत यायला त्यांना नेहमी एक दिवस उशीर होई, आणि हजेरी घेताना सर त्यांना कधी रागावत नसत.

वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र कसे झाले याची कारणे नाट्य-अभ्यासक सांगतील. माझ्या मते त्यातले एक कारण ही गाडी असावी. धानकापणी झाली, मंडईचे दिवस आले, की नाटक मंडळी, पेट्या, पडदे आणि प्रेक्षक या सगळ्यांनाच एका ठिकाणी जमायला गाडी हवी. दोन्ही तीरांची माणसे पोचू शकतील असे गाव या पट्ट्यात एकच होते.

स्टेशनांच्या नावांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपण नागभीड म्हणतो, रेल्वेच्या इंग्रजी पाटीवर मात्र ते 'नागभिर'. उमरेडचे 'उमरेर'. मारोड्याचे 'मरोरा'. लहानपणी आपण याला साहेबाची चूक समजत होतो. ती चूक नव्हती. शब्दाच्या मध्ये-शेवटी येणारा आपला 'ड' साहेबाच्या कानाला 'र'च्या जवळचा वाटे आणि इंग्रजी कागदपत्रांत तो तसाच लिहायची पद्धत होती. कंपनीचे मुख्य कार्यालय कलकत्त्याला, गार्डन रीचला. तिथल्या कारकुनाने एकदा जे लिहिले ते वेळापत्रकात गेले, तिकिटावर गेले आणि शंभर वर्षे टिकले. दुसरा प्रकार 'रोड'चा. पवनी रोड, तळोधी रोड. रेल्वेच्या भाषेत 'रोड' म्हणजे गाव इथे नाही, इथून गावाला रस्ता आहे. पवनीसारखे, जिथे प्राचीन स्तूपांचे अवशेष सापडले असे जुने नगर, त्याच्या नावाने स्टेशन आहे, पण उतरलेल्या माणसाला पुढे बैलगाडी बघावी लागे. तिसरा प्रकार सगळ्यांत गोड. चांद्याचे चंद्रपूर झाले, जिल्ह्याचे नाव बदलले, सरकारी शिक्के बदलले. छोट्या लाइनीचे स्टेशन मात्र 'चांदा फोर्ट'च राहिले. त्याच शहरात मोठ्या लाइनीचे स्टेशन 'चंद्रपूर' आहे. दोन कंपन्या, दोन स्टेशने, दोन नावे. देसाईगंज शहराच्या स्टेशनवर अजून 'वडसा' असेच लिहिलेले आहे. जुनी गावे कुठे शिल्लक आहेत असे कुणी विचारले तर मी रेल्वेच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवतो.

आता गाडी चालायची कशी ते सांगतो, कारण हा माझ्या धंद्याचा भाग आहे आणि बाहेरच्या माणसाला तो दिसत नाही. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, हा पहिला आणि शेवटचा नियम. त्यासाठी अलीकडचा मास्तर पलीकडच्या मास्तराला विचारतो, पलीकडचा हो म्हणतो, दोघेही वहीत नोंद करतात, मग ड्रायव्हरच्या हातात परवाना पडतो. हा परवाना कुठे कागद असतो, कुठे लोखंडी गोळा, पण तो हातात आल्याशिवाय इंजिन हलत नाही. समोरून गाडी यायची असेल तर आपण बाजूच्या रुळावर थांबायचे. पोरे याला 'गाडी सायडिंगला टाकली' म्हणत. अर्धा तास, कधी तास. मिक्स गाडी असेल, म्हणजे प्रवासी डबे आणि मालडबे एकत्र जोडलेले, तर एखाद्या स्टेशनवर मालडबा सोडायचा, दुसरा जोडायचा, तोवर प्रवासी खाली उतरून मुरमुरे खात उभे. इतवारी ते नागभीड हे अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक, आणि त्याला चार तासांहून जास्त लागत, ते इंजिन थकलेले होते म्हणून नव्हे. निम्मा वेळ थांबण्यात जाई.

जंक्शनवर हेच काम तिप्पट गुंतागुंतीचे. तीन बाजूंनी गाड्या येणार आणि प्रवाशांची अदलाबदल होणार. सिंदेवाहीचा माणूस चांद्याकडच्या गाडीने आला आणि त्याला उमरेडला जायचे आहे. गोंदियाची गाडी उशिरा आहे. नागपूरची गाडी वेळेवर सोडायची, की गोंदियावाल्यांसाठी थांबवायची? सोडली तर पन्नास माणसे फलाटावर रात्र काढणार. थांबवली तर पुढच्या प्रत्येक स्टेशनवरचा मेळ बिघडणार आणि कंट्रोलचा फोन येणार. या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. मास्तराने त्या दिवशीचा पाऊस, फलाटावरची गर्दी आणि पलीकडून येणारा आवाज यांवरून ठरवायचे असते. मी मोठ्या लाइनीवर मोठी जंक्शने सांभाळली, पण हा निर्णय माणसे पाहून कसा घ्यायचा हे मी शाळेत असतानाच नागभीडच्या फलाटावर पाहिले होते.

इंजिनांविषयी थोडेच लिहितो, त्यातले शौकीन आपल्यात फार नाहीत. या जाळ्यावर ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यातून आलेली सीसी वर्गाची वाफेची इंजिने प्रसिद्ध होती : पुढे चार छोटी चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन. अडीच फुटांच्या रुळावर इतके देखणे इंजिन धावते याचे परदेशी पाहुण्यांना अप्रूप वाटे, आणि ते कॅमेरे घेऊन येत. नंतर झेडडीएम वर्गाची डिझेल इंजिने आली. दुरुस्तीचे मोठे काम नागपूरला मोतीबागच्या कारखान्यात होई. तिथे २००२ मध्ये छोट्या लाइनीचे संग्रहालय झाले. मुलाबाळांना घेऊन जरूर जा.

गाडीतून जायचे काय? धान आणि तांदूळ सर्वांत आधी. मग बांबू, लाकूड, तेंदूपाने, मोहफूल. भिवापूरकडून मिरची, तिच्या हंगामात त्या स्टेशनवर खोकल्याशिवाय उभे राहणे अवघड. त्या मिरचीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपल्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेले एचएमटी धान देशभर पसरले, तेव्हा मालगाडीचे दिवस सरत आले होते. माल रस्त्यावर का गेला, याचे उत्तर रुळाच्या मापातच आहे. मूलहून मुंबईला पोते पाठवायचे तर ते छोट्या डब्यातून गोंदियाला, इतवारीला किंवा चांदा फोर्टला जाणार, तिथे हमाल ते उतरवणार आणि मोठ्या डब्यात भरणार. दुप्पट हमाली, सांडलवंड, पाऊस आला की भिजणे, आणि दिवस मोडणे. व्यापाऱ्याला हा जाच होता. हमालाला ही रोजी होती. अरुंद रुळाने केलेल्या खोळंब्यावर किती कुटुंबे जगली याचा हिशेब कुणी मांडला नाही. आपल्या शाळेच्या पटावर मात्र त्यांची मुले होती.

पटाचा विषय निघालाच आहे तर. रेल्वे क्वार्टरमधली मुले आठवतात ना? बापाची बदली झाली की वर्षाच्या मध्येच येणारी आणि वर्षाच्या मध्येच जाणारी. घरात तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, शाळेत मराठी. पहिल्या महिन्यात 'ळ' म्हणता येत नसे, सहाव्या महिन्यात आपल्याहून चांगली झाडी बोली बोलत. कंपनी १९४४ मध्ये सरकारजमा झाली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे आली, २००३ पासून बिलासपूरची दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. पाटी बदलत गेली, पण बदलीची गाडी पूर्वेकडूनच येत राहिली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला, तरी नागभीड स्टेशनचा साहेब कलकत्त्याकडे तोंड करून बसलेला. आपल्या वर्गाला देश कळला तो नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी या मुलांमुळे. आणि टेंपा, भुयार, कोटगाव बाजूची मुले! गाडी उशिरा आली की पहिला तास बुडायचा. गणिताच्या मास्तरांनी शेवटी पहिल्या तासाला नवा धडा शिकवणेच बंद केले, उजळणी घेत. पहिल्या तासाची उजळणी ही आपल्या शाळेची परंपरा म्हणून नंतरच्या बॅचला सांगितली गेली. तिचे मूळ नागपूर गाडीच्या उशिरात आहे.

१९९० च्या दशकात गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग मोठा करायचे काम झाले. १९९९ मध्ये ते पूर्ण होऊन लाइन थेट बल्लारशाला जोडली गेली. याचा अर्थ लक्षात घ्या. नव्वद वर्षे जी लाइन चांद्यात संपत होती, ती एकदम दिल्ली-चेन्नई मार्गाला मिळाली. छत्तीसगढचा माल दक्षिणेत जायला जवळचा रस्ता झाला. कोरबा-यशवंतपूर गाडीला 'वैनगंगा एक्सप्रेस' नाव मिळाले. आपल्या नदीचे नाव बंगळुरूच्या फलाटावर ऐकू येते याचा मला अभिमान वाटतो. मात्र लांबच्या गाड्या लांबच्या माणसांसाठी असतात. त्या आळेवाहीला, राजोलीला, केळझरला थांबत नाहीत, थांबाव्यात अशी अपेक्षाही नाही. वेगाचीही किंमत आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीजवळ जुनोन्याच्या जंगलात याच मार्गावर वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली गेले. त्या जंगलातून रूळ १९१३ पासून आहेत. बदलली आहे ती गाडी.

त्यानंतरची वीस वर्षे नागभीड विचित्र जंक्शन होते. एका बाजूला मोठी लाइन, दुसऱ्या बाजूला नागपूरची छोटी. छिंदवाडा, नैनपूर, जबलपूरकडचे छोटे मार्ग २०१५ पर्यंत बंद झाले आणि सातपुड्याच्या त्या प्रचंड जाळ्यातला शेवटचा चालता धागा म्हणून आपली इतवारी-नागभीड गाडी उरली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तीही थांबली. शेवटच्या दिवशी लोकांनी इंजिनाला हार घातले, फोटो काढले. फुकट्या प्रवाशांची लाइन म्हणून जिची आयुष्यभर थट्टा केली, तिचे तिकीट त्या दिवशी आठवण म्हणून काढणारेही होते.

पुढचे काम महारेलकडे गेले. छोटे रूळ उखडले, मोठ्यांची तयारी सुरू झाली. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आणि ताडोबा यांच्या मधल्या वाघांच्या वाटेवरून ही लाइन जात असल्याने भुयारी आणि उन्नत मार्गांवरून बराच वाद झाला. वाद व्हायलाच हवा होता. मोठी लाइन नको असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. ज्याला आजारी माणूस घेऊन नागपूर मेडिकलला जायचे आहे त्याला चार तासांची गाडी सुंदर वाटत नाही. माझी काळजी वेगळी आहे. छोट्या लाइनीवर तितुर, कुही, पवनी रोड, भुयार, टेंपा असे मध्ये कितीतरी थांबे होते. मोठ्या लाइनीत वेग वाढवायचा पहिला उपाय म्हणजे थांबे कमी करणे. बत्तीस वर्षे वेळापत्रकाच्या बैठका पाहिल्या आहेत, त्यामुळे हे कसे घडते ते मला माहीत आहे. कुणी ठरवून गाव वगळत नाही. कागदावर 'प्रवासी संख्या अपुरी' लिहिले जाते आणि पुढच्या वेळापत्रकात ते नाव छापले जात नाही. म्हणून आपल्यापैकी जे पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत, पत्रकारितेत आहेत त्यांना माझी विनंती आहे. नागपूरला किती वेळात पोचणार हे जरूर विचारा, पण गाडी टेंप्याला थांबणार का, हेही विचारा. सकाळच्या शाळेच्या आणि कॉलेजच्या वेळेला एक आणि संध्याकाळी एक, सर्व स्टेशनांवर थांबणारी गाडी, एवढी मागणी लेखी देऊन ठेवायला हवी, आणि ती वेळापत्रक छापले जाण्याआधी.

दुसरी विनंती मेळाव्यापुरती. ज्यांच्या घरी पुठ्ठ्याची जुनी तिकिटे, विद्यार्थी पास, फलाटावरचे फोटो, रेल्वे क्वार्टरमधल्या मित्रांची पत्रे असतील त्यांनी ती घेऊन यावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयाच्या खोलीत टेबल मांडणार आहोत. मूळ कागद ठेवून घेणार नाही, तिथेच फोटो काढून परत देऊ. नागपूरच्या तिकिटांपेक्षा मधल्या स्टेशनांची तिकिटे असतील तर ती आधी शोधा. माझ्याकडे आतापर्यंत जमली आहेत ती भिवापूर, उमरेड आणि सिंदेवाहीची. टेंपा-नागभीड असे एकही नाही, आणि ते तर आपल्यातल्या वीस-पंचवीस जणांच्या खिशात रोज असायचे.